आज्ञावलीचा भरवसा

दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथील तळावरून ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय अग्निबाणाने पहिले उड्डाण केले आणि सुमारे चाळीस सेकंदांत तो आकाशातच नष्ट झाला. त्याला दिशा दाखवणाऱ्या संगणकात एक संख्या सोळा बिटांच्या जागेत बसवण्याचा प्रयत्न झाला होता. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आडव्या वेगाशी निगडित असलेली ही संख्या आधीच्या एरियान ४ वर कधीच एवढी वाढत नसे. नव्या अग्निबाणाचा मार्ग वेगळा होता, आज्ञावली मात्र जुनीच होती. अशा रीतीने धोका संभवणाऱ्या सात संख्या तिच्यात होत्या. संगणकावरचा भार आटोक्यात राहावा म्हणून त्यांपैकी चारच संख्यांना संरक्षण देण्यात आले होते. उरलेल्या तीन मर्यादेतच राहतील हे गृहीत धरलेले होते. पण ते गृहीत आज्ञावलीच्या मजकुरात यंत्राला तपासता येईल अशा रूपात कोठेही नव्हते.

आज्ञावली चालवून पाहण्याआधी, केवळ तिच्या मजकुरावरून, ती काय करील आणि काय कधीच करणार नाही हे खात्रीने सांगता येईल काय? हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला, त्या संशोधकांतील एक मोठा वर्ग फंक्शनल प्रोग्रॅमिंग, म्हणजे फलनाधिष्ठित आज्ञावलीलेखन, या शाखेत काम करतो.

फलन ही गणितातील कल्पना आहे. संख्येचा वर्ग करणाऱ्या फलनाला ५ दिले की २५ मिळतात. आज दिले काय किंवा दहा वर्षांनी दिले काय, उत्तर तेच. दुकानाच्या गल्ल्यात किती पैसे आहेत, या प्रश्नाचे उत्तर मात्र विचारण्याच्या वेळेवर अवलंबून असते. नेहमीच्या पद्धतीची आज्ञावली ही पाटीवरच्या हिशेबासारखी असते. आकडा पुसायचा आणि त्याच जागी नवा लिहायचा. पाटी लहान असेपर्यंत हे सोपे जाते. परंतु तिच्यावर एकाच वेळी चौघेजण लिहू-पुसू लागले की कोणता आकडा कोणी केव्हा बदलला याचा पत्ता लागत नाही. फलनाधिष्ठित पद्धत ही मुनीमजींच्या रोजकीर्दीसारखी आहे. तेथे नोंद खोडत नाहीत. चूक झाली तरी दुरुस्तीची नवी नोंद खाली लिहितात. त्यामुळे मागचे कोणतेही पान उघडले तरी ते जसे होते तसेच सापडते.

या विचाराचे मूळ संगणकापेक्षाही जुने आहे. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कलन नावाची पद्धत मांडली. तिच्यात फलनांवाचून दुसरे काहीच नाही. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प ही भाषा घडवण्यास आरंभ केला, तेव्हा या कलनाची कल्पना त्यांच्यासमोर होती. पुढे जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात रूढ पद्धतीवरच टीका केली. स्मृती आणि गणनयंत्र यांच्यामधल्या अरुंद वाटेने एकेक शब्द ने-आण करण्यातच आज्ञावलीकाराची बुद्धी खर्ची पडते, अशी त्यांची तक्रार होती. फॉरट्रान ही त्या रूढ पद्धतीची अग्रणी भाषा त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाली होती, म्हणून या तक्रारीला वजन आले. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचे नाव दिलेल्या हास्केल या भाषेचा पहिला अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एक रास्त आक्षेप निघतो. जी आज्ञावली जगात काहीच बदलत नाही ती कोणाच्या उपयोगाची? पडद्यावर अक्षर उमटणे, खात्यात रक्कम जमा होणे, निरोप पोहोचणे हे सारे बदलच आहेत. संशोधकांनी हा आक्षेप मान्य केला. किंबहुना त्यांचे बरेचसे आधुनिक कार्य त्याच्याच उत्तरादाखल झाले आहे. बदल टाळता येत नसेल, तर निदान तो कोठे होतो हे मजकुरात स्पष्ट दिसले पाहिजे, अशी त्यांची भूमिका आहे. हास्केलमध्ये फलनाच्या वर्णनावरूनच ते बाहेरच्या जगाला हात लावते की नाही हे कळते. ही सोय चांगली असली तरी वापरायला जड जाते, आणि नवशिके तेथेच अडखळतात.

त्यापेक्षा सुटसुटीत मार्ग गॉर्डन प्लॉटकिन आणि मातिया प्रेत्नार यांच्या २००९ मधील मांडणीतून पुढे आला. कार्यालयातील कारकून तिजोरी स्वतः उघडत नाही. तो मागणीपत्र वर पाठवतो, मंजुरी आली की थांबवलेले काम तेथूनच पुढे सुरू करतो. या पद्धतीत फलनही असेच वागते. बाहेरचे काही हवे झाले की ते मागणी नोंदवून थांबते, आणि ती कशी पुरवायची हे दुसरा भाग ठरवतो. चाचणीच्या वेळी खऱ्या तिजोरीऐवजी खोटी तिजोरी ठेवली तरी कारकुनाच्या कामात एका अक्षराचाही फरक करावा लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमल ५ या भाषेत ही सोय प्रत्यक्ष उतरली, आणि एकाच संगणकातील अनेक गणनकेंद्रे एकदम वापरण्याची क्षमताही तिच्यात त्याच वेळी आली. या कामात आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन यांचा प्रमुख वाटा आहे.

संशोधनाचा दुसरा धागा वस्तू किती वेळा वापरली याचा हिशेब ठेवतो. धनादेश एकदाच वटतो. झां-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये असे तर्कशास्त्र मांडले की ज्यात गृहीतही धनादेशासारखे एकदाच वापरायचे. वर्षानुवर्षे ते विद्वानांचे कुतूहल म्हणून राहिले. आज त्याच कुळातील विचार रस्ट या भाषेत रुजलेला दिसतो. स्मृतीतील प्रत्येक जागेला तेथे एकच मालक असतो, आणि सोडून दिलेली जागा पुन्हा वापरण्याची चूक आज्ञावली चालण्यापूर्वीच पकडली जाते. रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये लिहिलेला होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

सर्वांत महत्त्वाकांक्षी धागा सिद्धतेचा. माहितीच्या प्रत्येक तुकड्याला एक प्रकार असतो. डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखा. 'ही संख्या आहे' एवढीच चिठ्ठी पुष्कळ भाषांत पुरेशी मानतात. 'ही संख्या ३२,७६७ पेक्षा मोठी नाही' अशी चिठ्ठी लिहिता आली, तर ती खरी असल्याचा पुरावा यंत्र आधीच मागू शकते. करी आणि विल्यम हॉवर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त सांगतो की, अशी चिठ्ठी म्हणजे गणितातले विधान आणि तिला साजेशी आज्ञावली म्हणजे त्या विधानाची सिद्धता. दोन वेगळ्या वाटणाऱ्या विद्या मुळात एकच निघाव्यात, हे आश्चर्य अजूनही पुरते ओसरलेले नाही.

या आश्चर्याचा व्यवहारात काय उपयोग झाला? फ्रान्समधील झाव्हिए लरुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉक या साधनाच्या आधारे कॉम्पसर्ट नावाचा सी भाषेचा कंपायलर तयार केला. (२०२५ पासून या साधनाचे नाव रॉक असे आहे.) कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाषा. दुभाष्यानेच अर्थाचा अनर्थ केला तर मूळ लेखकाची सारी काळजी वाया जाते. म्हणून कॉम्पसर्ट अर्थ बदलत नाही याची सिद्धता देण्यात आली. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी आपोआप घडवलेल्या असंख्य आज्ञावल्या निरनिराळ्या कंपायलरांना घालून पाहिल्या. २०११ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तोवर त्यांना ३२५ हून अधिक दोष सापडले होते. कॉम्पसर्टच्या सिद्ध केलेल्या भागात मात्र चुकीचे रूपांतर त्यांना आढळले नाही. जे थोडे दोष मिळाले ते सिद्धता न दिलेल्या भागांत होते.

ही खात्री स्वस्तात मिळत नाही. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये एसईएल४ या कार्यप्रणालीच्या गाभ्याची सिद्धता पूर्ण झाली. त्याचा आराखडा आधी हास्केलमध्ये रचलेला होता. मूळ आज्ञावली सुमारे ८,७०० ओळींची, तर तिची सिद्धता सुमारे दोन लाख ओळींची! दुकानाच्या बिलासाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही, आणि करूही नये. विमान, वैद्यकीय उपकरण, अग्निबाण यांचा हिशेब वेगळा आहे.

अलीकडे हा खर्च यंत्राकडूनच भरून घेण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे. लिओनार्दो द मोरा यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली लीन ही भाषा एकाच वेळी फलनाधिष्ठित भाषाही आहे आणि सिद्धता तपासणारे साधनही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरांत आत्मविश्वास भरपूर असतो, बरोबरपणाची हमी नसते. त्या उत्तराला लीनमधील सिद्धतेची जोड मिळाली, तर उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. तपासणारे छोटे साधन विश्वसनीय असले की पुरते. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे प्रश्न गूगल डीपमाइंडच्या प्रणालींना घालण्यात आले. सहापैकी चार प्रश्न त्यांनी सोडवले, आणि त्यांतील तिघांच्या सिद्धता लीनमध्ये लिहिलेल्या व तपासलेल्या होत्या. प्रश्न नेमका काय विचारतो हे लीनच्या भाषेत उतरवण्याचे काम मात्र त्या वेळी माणसांनी हाताने केले होते.