तोंड आपोआप हलतं? चेष्टा नको, चिठ्ठी पाहा!

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईचं तोंड सारखं हलत असतं. तोंडात काही नसताना चघळल्यासारखं चालू असतं, ओठांचा चंबू होतो, जीभ मध्येच बाहेर येते. मुलं हसतात. आपण म्हणतो, ‘कवळी सैल झाली असेल’ किंवा ‘वय झालं आता.’ ती बिचारी मात्र चारचौघांत जेवायला बसायचंही टाळू लागते.

मैत्रिणींनो, ही खोड नव्हे. पुष्कळदा तो औषधाचा परिणाम असतो. डॉक्टर त्याला ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’ म्हणतात. मेंदूतलं डोपामिन हे द्रव्य हालचालींवर ताबा ठेवायला मदत करतं. मानसिक आजारावरची काही औषधं त्याचं काम अडवतात. ती दीर्घकाळ घेतली, की काहींच्या तोंडाचे स्नायू आपोआप हलू लागतात. उतारवयातल्या स्त्रियांना हा धोका अधिक.

पण अशी औषधं केवळ मानसिक आजारावरच देतात असं नाही. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड त्यातलंच. ते १२ आठवड्यांहून जास्त घेणं टाळावं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ साली दिला. आपल्याकडे पित्तावरच्या काही मिश्र गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं. तेही याच जातीचं. चिठ्ठी जुनी झाली तरी गोळी चालूच राहते, असं आपल्या किती घरांत होतं!

मग करायचं काय?

जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटं गोळा करून डॉक्टरांना दाखवा. मनाच्या आजाराची गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका. मूळ आजार उलटतो आणि हालचालीही वाढू शकतात. औषध कमी करायचं की बदलायचं, हे डॉक्टरच ठरवतील. हातांच्या कंपावरची ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी कुणी सुचवली म्हणून देऊ नका. तिनं हा त्रास वाढू शकतो.

हालचाली कमी करणारी औषधंही आहेत. टेट्राबेनाझिन जुनं, व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन यांना अमेरिकेत या विकारासाठी २०१७ साली मान्यता मिळाली. त्यांनी त्रास आटोक्यात येतो, मात्र मूळ दोष जात नाही. गुंगी येऊ शकते. टेट्राबेनाझिननं मन उदासही होऊ शकतं. तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं.

लवकर ओळखलं तर सुधारण्याची आशा जास्त. म्हणून आजच औषधांचा डबा उघडा आणि कुठली गोळी कधीपासून चालू आहे, ते एका कागदावर लिहून काढा.