घरात ग्रीक बोलणारे तुर्क

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयवालिक नावाचे एक गाव आहे. जैतुनाच्या बागा, दगडी घरे, अरुंद गल्ल्या. गावात एक 'घड्याळाची मशीद' आहे. तिला मिनार आहे, पाच वेळा अजान होते; पण इमारत मशिदीसारखी वाटत नाही, कारण ती बांधली गेली चर्च म्हणून. शंभर वर्षांपूर्वी गावातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समुद्रापलीकडे गेले आणि पलीकडून मुसलमान येऊन त्यांच्या घरांत राहिले. इथपर्यंतची गोष्ट समजायला सोपी आहे. फाळणी पाहिलेल्या आपल्या देशात ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

गंमत पुढे आहे. गंमत म्हणायची की दुःख, ते वाचकांनी ठरवावे. आलेल्या मुसलमानांपैकी अनेकांना तुर्की भाषा येतच नव्हती. आयवालिकला लागूनच जुंदा नावाचे बेट आहे. तिथे प्रामुख्याने क्रीटचे मुसलमान उतरले. त्यांची घरची भाषा ग्रीक. अंगाई ग्रीक, भांडण ग्रीक, बाजारातला भाव ग्रीक. नमाज, रोजे, निकाह मात्र आपल्यासारखेच.

उलट तुर्कस्तानच्या मध्यभागी, कॅपाडोशिया भागात, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे काही ख्रिस्ती होते, ज्यांना ग्रीक येत नव्हते. त्यांना 'करामानली' म्हणत. ते तुर्की बोलत, चर्चमधला उपदेश तुर्कीत ऐकत आणि तुर्कीच लिहीत, फक्त लिपी ग्रीक असे. या लिपीत त्यांची धर्मपुस्तके आणि वर्तमानपत्रेही छापली जात. त्यांना उचलून ग्रीसला पाठवण्यात आले, कारण कागदावर ते 'ग्रीक' ठरले.

हा कागद म्हणजे 30 जानेवारी 1923 रोजी लोझान येथे झालेला करार. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी आपापल्या लोकसंख्येची अदलाबदल करायचे ठरवले. तुर्कीत त्याला 'मुबादले' म्हणतात. आपल्या 'तबादला'च्याच कुळातला शब्द. करारात भाषा विचारली नव्हती, कुणाला जायचे आहे की नाही हेही विचारले नव्हते. तुर्कस्तानातला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तो ग्रीक, ग्रीसमधला मुसलमान तो तुर्क, एवढीच व्याख्या. सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान यांचे वतन या एका व्याख्येने कायमचे सुटले. ख्रिस्त्यांपैकी बहुतेक 1922 च्या लढाईतच जीव मुठीत घेऊन पळाले होते. करारामुळे त्यांचा परतीचा रस्ता बंद झाला. मुसलमानांना मात्र करार झाल्यावर बोचकी बांधून जहाजात बसवण्यात आले.

त्या लढाईबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण आपल्या घरांत तिची एकच बाजू पोहोचली. मे 1919 मध्ये ग्रीक फौज स्मर्ना बंदरात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये उतरली, तेव्हा खिलाफत चळवळीचे केंद्र आपल्या मुंबईत होते. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही त्या नावाने उभे आहे. तुर्कांच्या मदतीसाठी 'अंगोरा फंड' जमवला गेला, आणि तुर्क म्हणजे आपले, ग्रीक म्हणजे परके, हे चित्र पक्के बसले. माघार घेताना ग्रीक फौजेने मनिसा, अलाशेहिर अशी गावे जाळली, हे खरे. सप्टेंबर 1922 मध्ये तुर्की फौज स्मर्नात शिरल्यानंतर चारच दिवसांत आग लागली आणि ग्रीक व आर्मेनियन वस्त्या बेचिराख झाल्या, हजारो माणसे धक्क्यावर जहाजांची वाट पाहत उभी राहिली, हेही तितकेच खरे. दोन्ही आगींत जळालेली घरे कुणाच्या तरी आजीची होती.

नव्या मुलखात या लोकांचे स्वागत कसे झाले? ग्रीसमध्ये आलेल्या ख्रिस्ती निर्वासितांना तिथले ख्रिस्ती 'तुर्काचे बियाणे' म्हणून हिणवत. तुर्कस्तानात आलेल्या क्रीटच्या मुसलमानांना तिथले मुसलमान 'अर्धे काफर' म्हणत. दोघेही आपल्याच धर्माच्या लोकांत आले होते! 1928 साली इस्तंबूलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 'नागरिकहो, तुर्की बोला' अशी मोहीम सुरू केली, तिचा रोख ग्रीक, ज्यू, आर्मेनियन यांच्यावर होता. पण मायबोली म्हणून ग्रीक बोलणाऱ्या मुसलमान आजीबाईलाही रस्त्यावर तोंड मिटून चालणे शहाणपणाचे झाले.

आम्हांला हे वाचताना परके वाटले नाही. 'तुम्ही मुसलमान, तरी मराठी किती छान बोलता' अशी शाबासकी रेल्वेच्या डब्यात मिळते, आणि लग्नाला आलेला उत्तरेकडचा पाहुणा विचारतो, 'घरात उर्दू नाही बोलत?' आपल्यावर वेळ तेवढ्यावरच येते, याचा शुक्र करावा.

स्वयंपाकघर मात्र कुठल्याही कराराला जुमानत नाही. क्रीटचे लोक रानातली पालेभाजी फार खातात: जैतुनाच्या तेलात शिजवलेली, लिंबू पिळलेली, नाना तऱ्हेची. तुर्क गावकऱ्यांना याचे नवल वाटे. त्यावर तिथे एक चुटका आहे. शेतात गाय आणि क्रीटचा माणूस एकदम शिरले, तर आधी माणसाला बाहेर काढावे. गाय पोट भरल्यावर आपोआप जाते. आज त्याच भाज्यांसाठी इस्तंबूलचे श्रीमंत लोक आयवालिकच्या खाणावळींत रांगा लावतात. कॉफीचेही तसेच. एकाच भांड्यात, एकाच पद्धतीने उकळलेली, खाली गाळ उरणारी कॉफी पूर्वी ग्रीसमध्येही 'तुर्की' म्हणूनच मागवत. 1974 मध्ये सायप्रसवर तुर्की फौज उतरल्यानंतर ती तिथे 'ग्रीक' झाली. (सायप्रसची कहाणी लांब आहे, तिच्यावर वेगळे लिहावे लागेल.)

करारातून दोन गट वगळले होते. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसच्या पश्चिम थ्रेस भागातले मुसलमान. दोघेही जवळजवळ बरोबरीचे, लाखाच्या आसपास. विचार असा की एकाला त्रास झाला तर दुसऱ्याचा विचार करून सरकार हात आवरेल. घडले नेमके उलटे. एका देशाने कुरापत काढली की दुसरा आपल्याकडच्या अल्पसंख्याकांवर राग काढी. 1942 मध्ये तुर्कस्तानने संपत्तीवर कर बसवला आणि बिगरमुस्लिमांना तो कितीतरी जड लावला. 6 सप्टेंबर 1955 च्या रात्री, सलोनिकात अतातुर्क यांच्या जन्मघराजवळ बॉम्ब फुटल्याची बातमी पसरली आणि इस्तंबूलमध्ये ग्रीकांची दुकाने, चर्च, कबरीसुद्धा फोडल्या गेल्या. 1964 मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारोंना देशाबाहेर काढले. आज इस्तंबूलमध्ये दोन-तीन हजार ग्रीक उरले आहेत. मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशात हे झाले. आपण जिथे थोडे आहोत तिथे न्याय मागतो, तर जिथे जास्त आहोत तिथला हिशेबही वाचता आला पाहिजे, असे आमचे मत आहे.

थ्रेसच्या मुसलमानांची संख्या टिकली, पण त्यांना नावच नाकारले गेले. ग्रीक सरकार त्यांना 'मुस्लिम अल्पसंख्य' म्हणते. 'तुर्क' म्हणू देत नाही. झांथी शहरातली जुनी 'तुर्की संघ' नावाची संस्था या एका शब्दापायी बंद करण्यात आली. 2008 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ग्रीसविरुद्ध निकाल दिला, तरी वाद मिटला नाही. नागरिकत्व कायद्याचे एकोणिसावे कलम त्याहून जाचक होते. ग्रीक वंशाचा नसलेला माणूस देश सोडून गेला आणि परत येणार नाही असे अधिकाऱ्याला वाटले, की त्याचे नागरिकत्व काढून घेता येई. 1998 मध्ये कलम रद्द होईपर्यंत सुमारे साठ हजार लोकांचे नागरिकत्व गेले. आणि या समाजातले सगळे तुर्क आहेत असेही नाही. डोंगरात पोमाक आहेत, त्यांची बोली बल्गेरियनच्या जवळची. रोमा आहेत. त्यांनी स्वतःला काय म्हणवून घ्यावे, हे एकीकडे अथेन्स आणि दुसरीकडे अंकारा सांगते.

थ्रेसमधली आणखी एक गोष्ट आपल्या भगिनींनी लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे घरगुती बाबतींत मुफ्तींचा निर्णय चालतो, युरोपीय संघात असा हा एकच प्रदेश. कोमोटिनीच्या एका गृहस्थाने नोटरीकडे मृत्युपत्र करून सगळी मालमत्ता बायकोच्या नावे केली. तो वारल्यावर त्याच्या बहिणी कोर्टात गेल्या. मुसलमानाला शरियतचाच वारसा कायदा लागू, म्हणून मृत्युपत्र चालणार नाही, असे ग्रीसच्या वरिष्ठ न्यायालयाने ठरवले. आपण कुठला कायदा निवडला हे त्या मयताला कुणी विचारलेच नाही. डिसेंबर 2018 मध्ये युरोपीय न्यायालयाने विधवेच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ग्रीसने कायदा बदलला होता: दोन्ही पक्षांची संमती असेल तरच मुफ्तीकडे जायचे. शरियतने विधवेला वाटा दिलेला आहेच, त्यावर आमचा वाद नाही. पण ज्या देशाने या समाजाला स्वतःचे नावही घेऊ दिले नाही, त्याने नेमका इथेच 'तुमचा धर्म, तुमचा कायदा' म्हणून हात झटकावेत, हे आम्हांला खटकले.

1999 च्या ऑगस्टमध्ये इझमित भागात भूकंप झाला. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. ग्रीक बचाव पथके तिथे धावून आली. तीन आठवड्यांनी अथेन्सला भूकंप झाला तेव्हा तुर्क पथके तिकडे गेली. रक्तदानाच्या रांगा लागल्या. दोन्ही सरकारांचे भांडण त्याने संपले नाही, समुद्राच्या हद्दीवरून ते आजही चालू आहे, पण लोकांची ये-जा वाढली.

कॅपाडोशियातल्या गेलवेरी गावचे ख्रिस्ती ग्रीसमध्ये कवालाजवळ वसले आणि आपल्या वस्तीला त्यांनी 'नवे कारवाली' नाव दिले. जाताना आपल्या संताच्या अस्थी त्यांनी सोबत नेल्या होत्या. त्यांचे जुने चर्च आज मशीद आहे. त्यांची नातवंडे तिथे पाहुणी म्हणून येतात, आणि गाववाले त्यांना चहा पाजतात. आयवालिकहून समोरच्या लेस्बॉस बेटावर फेरीबोट जाते, प्रवास जेमतेम दीड तासाचा. 2024 पासून तुर्की नागरिकांना तिथे उतरल्यावर सात दिवसांचा व्हिसा मिळतो. बोटीत खरेदीला निघालेली माणसे असतात, सुटीवर निघालेली असतात, आणि आजोबांचे घर कुठल्या गल्लीत होते ते विचारायला निघालेलीही असतात. क्रीटची ग्रीक बोलणाऱ्या आजी आता राहिल्या नाहीत. विचारणाऱ्याला ग्रीक येत नाही, सांगणाऱ्याला तुर्की येत नाही. मग कुणीतरी कॉफी मागवतो.