ईस्टरची पंगत, आदल्या दिवशीच शिजलेली

कोपर स्थानकात गाड्या दोन पातळ्यांवर थांबतात. खाली मध्य रेल्वेची लोकल आणि वर, पुलासारख्या उंचीवर, दिवा–वसई मार्ग. वरची गाडी पकडून भिवंडी रोड, खारबाव, कामण करत वसईला उतरलं, की मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांचा जुना मुलूख लागतो. पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. मधल्या काळात इथल्या नारळ-तांदळाच्या चुलीवर व्हिनेगर रुळलं. ठाणे, साष्टी आणि वसई भागातल्या या ख्रिस्ती लोकांपैकी अनेकांनी 1887 पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव लावलं. कोपर-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ईस्टरला चार माणसं जेवायला बोलवायची असतील, तर बेत त्यांच्या स्वयंपाकघरातून घ्यावा.

कारण तो बेत रविवारी सकाळी करावाच लागत नाही. भस्म बुधवारपासून चालत आलेला उपवासकाळ पवित्र शनिवारी संपतो. त्या दिवशीची जागरणाची मिस्सा अंधार पडल्यावरच सुरू होते, आणि लोक घरी परततात तेव्हा बऱ्याचदा मध्यरात्र होते. अशा घरात रविवारी पहाटे वाटण घाटण कोण करणार? म्हणून मुख्य पदार्थ मुरणारे असतात. सोरपोतेलात डुकराचं मांस आणि काळीज उकडून, बारीक चिरून, परतून मसाल्यात आणि व्हिनेगरमध्ये शिजवतात. इंदेलमध्ये लसूण, जिरं आणि लाल मिरची व्हिनेगरमध्येच वाटतात. दोन्ही पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. भांडं स्टीलचं घ्यावं, अ‍ॅल्युमिनियमला आंबट सोसत नाही. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पातेलं ओट्यावर विसरू नये. निवलं की फ्रिजमध्ये ठेवावं आणि वाढण्याआधी खळखळून उकळावं.

डुक्कर न खाणारे पाहुणे असतील तर मटणाचा रस्सा बॉटल मसाल्यात करावा. पावसाळ्याआधी कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणून याला हे नाव. त्यात वीसहून अधिक जिन्नस असतात आणि घरागणिक प्रमाण बदलतं.

एक गोष्ट मात्र कालनिर्णय उघडून बघावी. ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणजे तो कृष्ण पक्षाच्या सुरुवातीलाच येतो आणि कधी नेमकी संकष्टी गाठतो. 2026 मध्ये 5 एप्रिलला दोन्ही एकाच दिवशी होते. अशा वर्षी शेजारच्या काकूंना दुपारी बोलावून ताटावर नुसतं बसवण्यापेक्षा ‘चंद्रोदयानंतर या’ म्हणावं आणि त्यांच्यापुरती उसळ, भात, कोशिंबीर राखून ठेवावी.

रविवारी ताजं करायचं ते एकच, फुगे. मैदा, अंडं, नारळाचं दूध आणि यीस्ट यांचं सैलसर पीठ फुगू द्यायचं, मुठीतून गोळा पिळून तेलात सोडायचा. पूर्वी पीठ ताडीने फुगवत. हे काम पाहुण्यांना द्यायला हरकत नाही. मुलं तर आपणहून रांग लावतात. फुग्यांचा नाद नको असेल तर बेकरीचे पाव चालतात.

गोडाला मार्झिपॅनची अंडी. बदाम महाग, म्हणून आपल्याकडे काजू, साखर आणि गुलाबपाणी घेऊन ती साच्यात पाडतात. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य होती, कोंबड्या मात्र घालतच राहायच्या. साठलेली अंडी ईस्टरला निघत, तिथून या सणाशी अंड्याचं नातं घट्ट झालं.

पुढचा ईस्टर 28 मार्च 2027 ला आहे. खाटकाला गुरुवारीच सांगून ठेवावं, शनिवारी दुपारपर्यंत पातेलं उतरवावं आणि रविवारी एक वाजता पानं वाढावीत. सोरपोतेल थोडं जास्तच करावं. सोमवार पाळणाऱ्या शेजाऱ्यांचा डबा मंगळवारी पाठवला तरी चालतो. तोवर ते फ्रिजमध्ये आणखी मुरतं.