दहावी-बारावीनंतर काय? दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी

नवी मुंबईतल्या पालकांनो, शाळा संपायच्या आधीच दोन कामं उरका. पहिलं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत ५ टक्के जागा राखीव असतात, वयातही ५ वर्षांची सवलत मिळते.

दुसरं अनेकांच्या लक्षातच येत नाही. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत! स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल आणि खरंच गरज असेल (आधी मुलाशी बोला, त्याचे निर्णय तो घेऊ शकत असेल तर घेऊ द्या), तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करायचा. वाशी-नेरुळकरांचा जिल्हा ठाणे, खारघर-कामोठेकरांचा रायगड.