गावात कर्करोग कमी, मृत्यू मात्र तितकेच

गावाकडची हवा स्वच्छ, अन्न ताजे, अंगमेहनतीची सवय. तेव्हा कर्करोग हा मुख्यतः शहराचा आजार, असा समज शहरी वाचकांमध्ये खोलवर रुजलेला आहे. हा समज सर्वस्वी निराधार नाही. नोंदींची आकडेवारीही काही अंशी त्याला दुजोरा देते. पण ही आकडेवारी केवळ रोग किती जणांना होतो एवढेच सांगते. रोग झालेल्यांपैकी किती जण वाचतात, हा प्रश्न विचारला की चित्र एकदम बदलते आणि गावाच्या स्वच्छ हवेचा लाभ मधेच कुठेतरी हरवून गेल्याचे दिसते. तो नेमका कुठे हरवतो, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

कर्करोगाच्या शास्त्रशुद्ध नोंदणीत महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली. एखाद्या रुग्णालयात आलेल्या रुग्णांची यादी करणे वेगळे आणि ठरावीक भूप्रदेशातील प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवणे वेगळे. दुसऱ्या पद्धतीतूनच रोगाचे खरे प्रमाण कळते. ग्रामीण भागासाठी अशी पहिली नोंदणी सुरू झाली तीही महाराष्ट्रातच. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ती सुरू झाली आणि बार्शीबरोबरच परांडा व भूम या शेजारच्या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत आली. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की दिसते ते असे : वयाचा फरक विचारात घेऊनही बार्शीच्या गावांतील नव्या रुग्णांचे प्रमाण मुंबईच्या साधारण निम्म्याच्या आसपास राहत आले आहे.

मग मृत्यूचे प्रमाणही निम्मेच असायला हवे. ते तसे आहे का, हे शोधणे भारतात सोपे नव्हते. खेड्यातील बहुतेक मृत्यू घरीच होतात आणि मृत्यूचे वैद्यकीय कारण कोणत्याही कागदावर उमटत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी देशभरात एक मोठा अभ्यास झाला. ‘मिलियन डेथ स्टडी’ या नावाने तो ओळखला जातो. प्रशिक्षित सर्वेक्षकांनी निवडक वस्त्यांमधील मृतांच्या घरी जाऊन नातेवाईकांकडून अखेरच्या आजाराची हकीकत नोंदवून घेतली आणि दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे ती वाचून मृत्यूचे कारण ठरवले. २००१ ते २००३ या काळातील १,२२,४२९ मृत्यूंची अशी छाननी झाली. त्यापैकी ७,१३७ मृत्यू कर्करोगाचे होते. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेश दीक्षित, टोरांटो येथील डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यानुसार वयाचा फरक विचारात घेतल्यावर दर लाख लोकसंख्येमागे कर्करोगाने होणारे मृत्यू ग्रामीण पुरुषांमध्ये ९५.६, तर शहरी पुरुषांमध्ये १०२.४ होते. स्त्रियांमध्ये तर ग्रामीण प्रमाण ९६.६ आणि शहरी ९१.२, म्हणजे किंचित उलटेच. थोडक्यात, मृत्यूच्या बाबतीत गाव आणि शहर जवळपास सारखे. रोग निम्म्यांना आणि मृत्यू मात्र तितकेच, याचा सरळ अर्थ असा की गावातील रुग्ण वाचण्याची शक्यता शहरातील रुग्णापेक्षा पुष्कळच कमी आहे. गावात काही रुग्ण निदानाविनाच दगावतात आणि नोंदीतून सुटतात, हे खरे. पण निदानाविना मृत्यू हीच तर या तफावतीची सर्वांत कठोर खूण आहे.

हे केवळ भारतातच घडते असे नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०१७ साली तेथील ग्रामीण आणि महानगरी काउंटींची तुलना प्रसिद्ध केली. नव्या रुग्णांचे प्रमाण ग्रामीण भागात लाखामागे ४४२, महानगरांत ४५७, म्हणजे गावात थोडे कमीच. मृत्यू मात्र ग्रामीण भागात लाखामागे १८०, तर महानगरांत १५८. इतक्या संपन्न देशातही शहरापासूनचे अंतर आयुष्य कमी करते. आपल्याकडे तर हे अंतर केवळ किलोमीटरचे नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातले पोशीर हे गाव त्याचे चांगले उदाहरण ठरावे.

पोशीर काही दुर्गम म्हणावे असे नाही. उल्हास नदीला मिळणाऱ्या पोशीर नदीच्या खोऱ्यातले, नेरळ-कळंब परिसरातले हे गाव. नेरळला मुंबईची लोकल थांबते आणि ती गाडी दोन-अडीच तासांत परळच्या परिसरात पोहोचते. तेथे १९४१ सालापासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. त्याच संस्थेचे खारघर येथील केंद्र तर रायगड जिल्ह्यातच आहे. नकाशावर पाहिले तर देशातील उत्तमोत्तम कर्करोग उपचार या गावाच्या दाराशी आहेत. आणि तरीही दार आणि उंबरठा यांच्यामध्ये चार-पाच टप्पे आहेत. त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर काही रुग्ण गळतात.

पहिला टप्पा तोंडातली न भरणारी जखम, छातीतील न दुखणारी गाठ किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा झालेला रक्तस्राव याकडे लक्ष जाण्याचा. कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्यासाठी भातलावणीच्या दिवसांत कोणी रोजगार बुडवत नाही. दुसरा टप्पा पहिल्या डॉक्टरचा. गावाजवळच्या दवाखान्यात मलम किंवा गोळ्या मिळतात, आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि दोन महिने निघून जातात. तिसरा टप्पा निदानाचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात, तेथून अलिबागला किंवा मुंबईला असा हा प्रवास; संशयित भागाचा तुकडा काढून तपासल्याखेरीज कर्करोगाचे निदान पक्के होत नाही. प्रत्येक ठिकाणी नवा कागद, नवी रांग आणि बुडालेली नवी मजुरी.

चौथा टप्पा उपचार पूर्ण करण्याचा आणि तो सर्वांत अवघड. शस्त्रक्रिया एकदाच होते, पण किरणोपचार, ज्याला बोलीत ‘शेक’ म्हणतात, आठवड्यातून पाच दिवस असे पाच-सहा आठवडे घ्यावे लागतात. पोशीरहून रोज खारघर गाठायचे तर आधी नेरळ, मग ठाणे, तेथे गाडी बदलून पुढचा प्रवास आणि संध्याकाळी पुन्हा तोच फेरा. अशक्त झालेल्या माणसाला हे जमत नाही. मुंबईत राहायचे तर खोली आणि सोबतीला एक माणूस लागतो, म्हणजे घरातील दोन जणांची मजुरी बंद. या पट्ट्यातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की परततात. अशा कुटुंबातील रुग्णाच्या हाती पुढची तारीख दिली, तरी त्या तारखेला तो कुठे असेल हे कोणालाच सांगता येत नाही. अर्धवट सोडलेला उपचार हा अनेकदा न केलेल्या उपचाराइतकाच निष्फळ ठरतो.

यात रोगाच्या प्रकाराचाही वाटा आहे. मुंबईत स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, तर बार्शीच्या नोंदणीत दीर्घकाळ गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर राहिला. तंबाखूचे तसेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात ३२.५ टक्के, तर शहरी भागात २१.२ टक्के प्रौढ व्यक्ती तंबाखू सेवन करीत होत्या. महाराष्ट्राचे वैशिष्ट्य असे की येथे धूम्रपान करणारे जेमतेम ३.८ टक्के, पण तंबाखू चघळणारे, मळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांना तर आपण तंबाखूचे सेवन करतो असे वाटतच नाही. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण मिश्री आणि मळलेली तंबाखू घराघरांत कायम राहिली. मुखाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग ही ग्रामीण मृत्यूंची दोन मोठी कारणे. आणि विरोधाभास असा, की हेच दोन कर्करोग सर्वांत सहज, नुसत्या डोळ्यांनी, वेळेआधी ओळखता येण्यासारखे आहेत.

‘लॅन्सेट’मधील त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली आणि ती शहरी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. निरक्षर पुरुषांमध्ये कर्करोगाने होणारे मृत्यू लाखामागे १०६.६ होते, तर सर्वाधिक शिकलेल्यांमध्ये ४५.७. स्त्रियांमध्ये हेच आकडे १०६.७ आणि ४३.४ होते. गाव आणि शहर यांत जेवढा फरक सापडला नाही, तेवढा, दुपटीहून अधिक, फरक शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात सापडला. म्हणजे खरी सीमारेषा महापालिकेच्या हद्दीवरून जात नाही. ती मुंबईच्या झोपडपट्टीतूनही जाते आणि पोशीरच्या वाडीतूनही. शिक्षणाबरोबर पैसा येतो, लक्षण ओळखण्याचे भान येते आणि मोठ्या रुग्णालयात प्रश्न विचारण्याचे धाडसही येते.

यावर उपाय काय? प्रत्येक तालुक्यात कर्करोग रुग्णालय, हे उत्तर मोहक असले तरी नजीकच्या काळात ते शक्य दिसत नाही. बार्शीने दिलेले उत्तर अधिक साधे आहे. लोक नोंदवायला येत नाहीत हे ओळखून तेथील कार्यकर्ते गावोगाव गेले, चावडीवर बसून त्यांनी कर्करोगाची लक्षणे समजावली, संशयित रुग्णांना सोबत घेऊन रुग्णालयात आणले. हेतू नोंदणीचा होता. परिणाम मात्र असा झाला की गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यातच घेऊन येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. रुग्णालय तेच, डॉक्टर तेच. बदलली ती फक्त येण्याची वेळ.

त्यानंतर बार्शीच्याच रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेसह तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची तपासणी एका गटात प्रत्येकी फक्त एकदा करण्यात आली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखांवर स्त्रियांच्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून केवळ डोळ्यांनी तपासणी केली. बारा वर्षांनंतर मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट दिसली. या तपासणीला ना मोठे यंत्र लागते, ना तज्ज्ञ डॉक्टर. एचपीव्हीविरुद्धची भारतीय लसही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आहे.

एवढे पुरावे महाराष्ट्राच्याच मातीत उपलब्ध असताना प्रत्यक्ष स्थिती काय? ३० वर्षांवरील सर्वांची मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी व्हावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१६ साली दिली. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी तरी झाली होती. शहरात २.२ आणि गावात १.७ टक्के. येथे शहराने पाठ थोपटून घ्यावी असे काही नाही.

उपचाराच्या खर्चाचा भार काहीसा हलका झाला आहे, हे मान्य करायला हवे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि २०२३ मध्ये तिचे संरक्षण प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. पण योजना शस्त्रक्रियेचे आणि औषधांचे पैसे भरते. सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचा निवारा आणि जखम दिसल्यापासून वाया गेलेले सहा महिने ती भरून देऊ शकत नाही.

म्हणूनच पोशीरसारख्या गावाचा प्रश्न रुग्णालयाच्या दारात नव्हे, तर त्याच्या बराच अलीकडे सुटतो. तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, स्तनातील गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव यांपैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी, हे प्रत्येक आशा कार्यकर्तीला सांगता यायला हवे आणि ते ऐकून आलेल्या बाईची तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रातच, त्याच दिवशी व्हायला हवी. निदान झालेल्या रुग्णाचा पाठपुरावा तो वीटभट्टीवर गेला तरी सुटता कामा नये. शहरात घरकाम, बांधकाम आणि भाजीविक्रीसाठी येणारी माणसे याच गावांतून येतात. त्यांच्या तोंडातील जखमेकडे पाहून एकदा ‘दाखवून घ्या’ म्हणणे शहरी वाचकालाही अवघड नाही. गावाने आपल्या वाट्याचा निम्मा धोका आधीच टाळलेला आहे. उरलेला लाभ त्याच्या पदरात पडायचा असेल, तर त्याला हवा आहे तो वेळेवर झालेला पहिला तपास.