पोर जागेवर सापडलं पाहिजे

क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. ऊसतोडीचा हंगामही दसरा-दिवाळीपासून चैत्रापर्यंत, म्हणजे जवळजवळ तेवढाच. बीड जिल्ह्यातल्या मुलांच्या आरोग्याची निम्मी अडचण या दोन वाक्यांत आली. आईबापाबरोबर कारखान्यावर गेलेलं पोर ज्या आरोग्य केंद्राच्या वहीत आहे त्या गावात नसतं, आणि जिथं असतं तिथल्या वहीत त्याचं नाव नसतं. चार दिवसांनी टोळी हलली की राहायची कोपीही पुढच्या शिवारात जाते.

धर्मापुरी हे परळी तालुक्यातलं गाव. अभ्यासक तिथं जातात ते केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरासाठी, आणि जायलाच हवं. पण याच पट्ट्यात, परळी, केज, धारूर, वडवणीच्या वाड्या-तांड्यांवर, दिवाळीच्या आगेमागे घरांना कुलपं लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’; त्यानं मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि नशीब बरं असेल तर शाळेत जाणारी मुलं.

या मुलांना थांबवण्यासाठी काही सोयी आहेत. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या आश्रमशाळा जुन्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक, प्रत्येकी शंभरजणांची सोय. पहिल्या टप्प्याच्या यादीत परळी होतं. या साऱ्यांकडे शिक्षणाची सोय म्हणून पाहिलं जातं. माझ्या मते ती आधी आरोग्याची सोय आहे. क्षयाची गोळी सहा महिने रोज घ्यायची, फेफऱ्याची वर्षानुवर्षं घ्यायची, संधिवाती तापानं हृदयाची झडप बिघडली तर पेनिसिलीनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी न चुकता टोचायचं. पोर जागेवर सापडलं नाही तर यातलं काहीच होत नाही.

शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी भारतात पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये बडोद्यात, सयाजीरावांच्या राज्यात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. मधल्या शंभर वर्षांत तपासण्याच्या गोष्टी खूप वाढल्या, रीत मात्र तीच राहिली: डॉक्टर येतात, बघतात, लिहितात, जातात. या कार्यक्रमाचं पथक, म्हणजे दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता, अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं, शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब ते हुडकतं. हृदयाला भोक असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया यामुळेच मार्गी लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शाळेतली ती एकच भेट उसाच्या हंगामात पडली, तर जी मुलं सर्वांत आधी तपासायला हवीत नेमकी तीच पटावर असून वर्गात नसतात.

शिवाय वसतिगृहातले खरे आजार वर्षाचं वेळापत्रक पाळत नाहीत. खरूज घ्या. तिची खाज रात्री वाढते. दुपारी बारा वाजता रांगेत उभं राहिलेलं पोर लाजून हात मागं घेतं. एकट्याला मलमाची ट्यूब देऊन भागत नाही. खोलीतल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळव्यापर्यंत परमेथ्रिन लावायचं, सकाळी अंघोळ, कपडे-पांघरुणं गरम पाण्यात, आणि आठवड्यानं पुन्हा हेच. आता मराठवाड्यात फेब्रुवारीनंतर शंभर गोधड्यांना गरम पाणी आणायचं कुठून? त्यालाही तोड आहे. गोधड्या घट्ट बांधलेल्या पिशवीत आठवडाभर ठेवल्या, तर माणसाच्या अंगावाचून तो किडा जगत नाही. हे गृहपालाला कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं, एवढंच.

मण्यारीचं प्रकरण याहून कठीण. हा साप रात्रीचा फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश बहुतेकदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे मूल उठतं ते पोट दुखतंय, मळमळतंय म्हणत. गृहपालाला वाटतं, रात्रीची भाजी बाधली. तो ओवा किंवा सोडा देतो आणि झोप म्हणतो. तासा-दोन तासांत पापण्या जड होतात, गिळता येईना, बोलणं अडखळतं. पुढं श्वासाचे स्नायू थकतात. तेव्हा प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वास देणारं यंत्र लागतं, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतं. धर्मापुरीच्या मुलांच्या दृष्टीनं दिलासा हा, की स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय शेजारच्या अंबाजोगाईत आहे. म्हणून पहाटेची पोटदुखी आणि मिटू लागलेल्या पापण्या एवढी जोडी ज्याला ओळखता येते, त्यानं १०८ ला फोन लावला की निम्मं काम झालं. त्याहून स्वस्त उपाय खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. दंश टाळणारी ही खरेदी निविदेत ‘फर्निचर’ म्हणून अडकते, याची गंमत वाटावी की राग यावा!

आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंची झाडाझडती आपल्याकडे एकदा झाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर २०१६ मध्ये राज्यपालांनी आरोग्य सेवेचे माजी महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आदिवासी आश्रमशाळांत दीड दशकात हजाराहून अधिक मुलं दगावल्याचं पुढं आलं, आणि कित्येकांच्या मृत्यूचं कारण धड नोंदलेलंच नव्हतं. मला आकड्यापेक्षा हे दुसरं जास्त खुपतं. आणि मोजणी होते ती बोभाट्यानंतरच, हे बीडमध्येही दिसलं. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा बोभाटा २०१९ मध्ये झाला, तेव्हा ८२,३०९ महिलांची पाहणी होऊन १३,८६१ जणींचं गर्भाशय काढल्याचं कळलं. त्याच घरांतल्या पोरांची अशी मोजणी करायला कुठल्या बोभाट्याची वाट पाहायची?

रोजची शुश्रूषा इथं जमते, याचा दाखला मात्र याच जिल्ह्यात आहे. बीडजवळच्या पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी ‘इन्फंट इंडिया’ उभी केली. शेजारच्या लातूरमध्ये, हसेगावच्या ‘सेवालय’मध्ये रवी बापटले तेच काम करतात, तिथल्या मुलांबरोबर आपली मुलं बसवायला २००९ मध्ये गावातल्या पालकांनी नकार दिला होता. एचआयव्हीची गोळी रोज ठरल्या वेळी लागते आणि आयुष्यभर लागते. जी शुश्रूषा समाजानं दूर लोटलेल्या मुलांच्या घरात जमली, ती सरकारी वसतिगृहात जमत नाही म्हणायला कारण उरत नाही. हेमलकशाला लोकबिरादरीत १९७६ पासून शाळा आणि दवाखाना एकाच आवारात आहेत. प्रत्येक वसतिगृहाला तसा दवाखाना मिळणार नाही. पण गोळीची वेळ पाळणारं आणि रात्री जागं होणारं एक शिकवलेलं माणूस मिळू शकतं.

त्या माणसाचं शेवटचं काम चैत्रात असतं. आईबाप परततात, सुट्टी लागते, मूल घरी जातं. क्षयाचा एखादा महिना उरलेला असतो, पेनिसिलीनची पुढची तारीख मेमध्ये असते, आठवड्याच्या निळ्या लोहगोळ्या सुरू असतात. हे सगळं एका कागदावर लिहून, औषधासकट आईच्या हातात द्यायचं, वाचता येत नसेल तर तोंडी समजावायचं, आणि एक प्रत गावच्या आशाताईंकडे पोचवायची. आशाताई घर ओळखतात. जूनमध्ये पोर परत आलं नाही तर ते कुठल्या मुकादमाच्या टोळीत गेलं, हेही बहुधा त्यांनाच ठाऊक असतं.