अंगणातली फियाट कुणाची?

अब्बांच्या इंतिकालाला तीन वर्षे झाली, तरी त्यांची फियाट नांदेडला देगलूर नाक्याजवळच्या आमच्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. जुम्याच्या नमाजनंतर भाईजान ताडपत्री काढायचे, चोक ओढून गाडी सुरू करायचे, वजिराबादेपर्यंत एक फेरी मारायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. बाकी आठवडाभर तिच्यावर कोंबड्या बसत.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्यांचा शौक असलेले. त्यांनी बॉनेट उघडले, दरवाजे लावून-उघडून पाहिले, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गियर पाडून पाहिला आणि 2,40,000 रुपये देऊ केले. घरात त्या रात्री जेवण कुणाच्याच घशाखाली नीट उतरले नाही. भाईजानांचे एकच म्हणणे, "अब्बा की निशानी है, बेचते क्या?" माझे म्हणणे उलट होते. दरवर्षी खर्च, वापर काही नाही, आणि पावसाळ्यागणिक पत्रा खात चाललेला गंज. आम्ही दोघे भाऊ तासभर वाद घालत होतो. अम्मी तसबीह घेऊन बाजूला बसल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघेच बोलताय. गाडी तुमच्या दोघांचीच आहे का?"

तोपर्यंत हा प्रश्न आमच्या डोक्यात आलाच नव्हता. उदगीरच्या आपाला आणि लातूरच्या धाकट्या बहिणीला आम्ही काही विचारले नव्हते. घराचा आणि दुकानाचा हिशेब अब्बांच्या पश्चात वर्षभरात झाला होता, बहिणींचे हिस्से लेखी ठरले होते. गाडी मात्र त्या कागदात नव्हती. ती "भाईजान चालवतात" एवढ्याच आधारावर त्यांची झाली होती. अशा वस्तू प्रत्येक घरात सापडतील: मोटारसायकल, शिलाई मशीन, बंदूक, दुकानातला तराजू. जमिनीच्या वाटणीत आपण हिस्से काढतो, आणि चाकावर चालणाऱ्या वस्तूची वाटणी ज्याच्या हातात चावी त्याच्याकडे जाते.

मालमत्तेचा नियम साधा आहे. माणूस गेला की आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आत असलेली वसीयत, आणि उरलेले सारे वारसांचे. सूरह अन्-निसामध्ये हिस्से सांगितले आहेत ते फक्त शेतजमिनीचे नाहीत. मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, आणि मुलगा-मुलगी यांच्यात दोनास एक. अब्बांचे आई-वडील आधीच गेले होते. म्हणजे 2,40,000 रुपयांतले 30,000 अम्मींचे. उरलेल्या 2,10,000 चे सहा भाग, 35,000 चा एक. आम्हा दोन भावांना 70-70 हजार, दोन बहिणींना 35-35 हजार. वहीच्या एका पानावर हा हिशेब मांडला तेव्हा भाईजान बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. तीन वर्षे ते ज्या गाडीतून फिरत होते, तिचे दोन तृतीयांशाहून जास्त मोल इतरांचे होते, त्यात माझेही.

या गाडीवर जीव का जडतो, हेही सांगायला हवे, नाहीतर भाईजानांवर अन्याय होईल. आपण तिला फियाट म्हणतो, पण तिच्या कागदावर नाव आहे प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची 1100 ही गाडी बनू लागली. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिले. 1089 सीसीचे छोटे इंजिन, चार गियर, तेही स्टिअरिंगच्या बाजूला, आणि पुढे सलग सीट. त्या सीटवर मोठ्यांच्या मध्ये एक मूल आरामात मावायचे. ते मूल बरीच वर्षे मीच होतो. 2000 च्या आसपास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. त्या दिवशी भाईजानांनी आमच्या गाडीला धुऊन पुसून अत्तर लावले होते. हसू नका, खरेच लावले होते.

अब्बांनी ती 1985 साली घेतली, नंबर लावून, वाट पाहून. आपाची रुखसती तिच्यातच झाली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर अब्बा आणि त्यांचे दोन मित्र मागची सीट काढून त्या जागी ब्लँकेट आणि ब्रेडचे खोके भरून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरकडे गेले. औशापर्यंत पोहोचले, तिथेच सामान उतरवून आले. परतल्यावर दोन दिवस ते काही बोलले नाहीत.

आता व्यवहाराकडे येतो. कारण अशी जुनी गाडी अंगणात असलेली घरे मराठवाड्यात बरीच आहेत, आणि तिच्याविषयी अफवा त्याहून जास्त. पहिली अफवा अशी की पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते. तसे नाही. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी राजधानी दिल्ली आणि तिच्या परिसराची आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर आरटीओत तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. मात्र ते आता स्वस्त राहिलेले नाही. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांहून जुन्या मोटारीची नूतनीकरण फी 600 वरून 5,000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी 10,000. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि 1 एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना लागणारी नवी सुरक्षा नंबरप्लेट. मुदत टळली तर महिन्याला 500 रुपये दंड.

दुसरी अफवा: "जुनी गाडी आहे, व्हिंटेज होईल, लाखोंना जाईल." 15 जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. आमची त्यात बसायला 2035 उजाडेल. आणि तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे बाजारात भाजी आणायला नाही.

तिसरी गोष्ट अफवा नाही, आमची चूक आहे. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. आम्ही दोन्ही केले नव्हते. तीन वर्षे गाडी मयत माणसाच्या नावावर रस्त्यावर फिरत होती, विमाही त्यांच्याच नावाचा. वजिराबादच्या गर्दीत कुणाला धक्का लागला असता तर भरपाईच्या दाव्यात काय झाले असते, या विचाराने मला आजही घाम फुटतो. वारस एकापेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांची संमती प्रतिज्ञापत्रावर लागते. म्हणजे कायद्याच्या वाटेनेही बहिणींना विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हतीच.

मग आम्ही मिस्त्रींना बोलावले. नांदेडात कार्बोरेटरवर हात बसलेले आता थोडेच उरलेत, हे त्यातले एक. सुटे भाग हवे असले की ते हैदराबादला राणीगंजला जातात. त्यांनी इंजिनकडे फार पाहिलेच नाही. "इंजिन होऊन जातं. मला तळ दाखवा," म्हणाले. या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. म्हणून इंजिन थकले तर गाडी वाचते, पण तळ सडला की हाडच मोडले म्हणायचे. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई उचलली, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, आणि तो आरपार जमिनीला लागला. ताडपत्रीने पाऊस अडवला होता, पण आतली ओलही तिनेच धरून ठेवली होती. पेट्रोलच्या रबरी नळ्याही चिरल्या होत्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि त्या काळचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. मराठवाड्यातल्या उसापासूनही हे इथेनॉल बनते. आपल्याच शिवारातला ऊस आपल्याच फियाटच्या नळ्या खातो आहे, असे मिस्त्री हसत म्हणाले. नळ्या बदलणे सोपे. तळाला मात्र पत्रा कापून नवा जोडायचा, म्हणजे मोठे काम.

पुण्याच्या गृहस्थांनी चटई उचलली नव्हती. भाईजान हळूच म्हणाले, "त्यांनी विचारलं नाही, आपण कशाला सांगायचं?" मला वाटते तेव्हा त्यांनाही ते बोलणे पटलेले नव्हते. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आतला ओला दाणा वर काढल्याचा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेला असतो. आमच्या बाबतीत ढीग पत्र्याचा होता आणि ओल चटईखाली होती. मी फोन करून सांगितले, फोटोही पाठवले. ते गृहस्थ भले निघाले, रागावले नाहीत. म्हणाले, मग 1,80,000. त्यावर आम्ही घरच्यांशी बोलून कळवतो असे सांगितले.

रविवारी सगळे लातूरला बहिणीकडे जमलो. आपा उदगीरहून आल्या. त्यांना गाडीत रस नव्हता, पण त्या एक वाक्य बोलल्या ते सांगतो. त्या म्हणाल्या, "मला पैसे नकोत असं मी म्हणेन, हे तुम्ही धरूनच चालला होतात ना?" खरे होते. बहिणीने "माझं काही नको" म्हणावे, आणि आपण ते तिची मर्जी समजावी, ही आपल्याकडची पद्धत. माहेर तुटेल या भीतीने सोडलेला हक्क आणि मनापासून सोडलेला हक्क यांत फरक आहे. आपांनी आपले पैसे घ्यायचे ठरवले. मला बरे वाटले.

आणि मग धाकटी म्हणाली, "मी घेते."

आम्ही सारेच गप्प. तिचे यजमानसुद्धा. तिला गाडी चालवायला अब्बांनी शिकवले होते, गोदावरीच्या पुलापलीकडे, सिडकोकडच्या तेव्हाच्या मोकळ्या रस्त्यांवर, याच फियाटवर. परवाना तिने अठराव्या वर्षी काढला होता. लग्नानंतर घरात दुसरी गाडी आली, ती यजमान चालवतात. जुन्या फियाटचे आवाज, तिचा चोक किती ओढायचा, दुसरा गियर कधी अडकतो, हे भाईजानांइतकेच तिलाही ठाऊक होते. तीन वर्षांत कुणी तिला विचारले नव्हते. तिनेही कधी बोलून दाखवले नव्हते.

आम्ही आलिमांना विचारले. एका वारसाने बाकीच्यांना रक्कम द्यायची, त्यांनी ती घेऊन त्या वस्तूतला आपला हिस्सा सोडायचा, याला फिकहमध्ये तखारुज म्हणतात, सर्वांची राजीखुशी असेल तर त्यात अडचण नाही, असे त्यांनी सांगितले. किंमत तीच धरली जी बाहेरच्या माणसाने दोष कळल्यावर सांगितली होती, 1,80,000. अम्मींचे 22,500, आम्हा भावांचे प्रत्येकी 52,500, आपांचे 26,250. धाकटीचे स्वतःचे 26,250 वजा करून तिने 1,53,750 द्यायचे. अम्मींना आणि आपांना लगेच, आम्हा भावांना वर्षभरात हप्त्याने. सारे लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन. तीन वर्षांचा विमा आणि बॅटरी भाईजानांनी भरली होती, ती वजा करायची का, असा प्रश्न निघाला. भाईजानच म्हणाले, "मी एकटाच फिरलो ना, ते त्यात गेलं." पुण्याच्या गृहस्थांना त्याच दिवशी कळवले. त्यांनी मुबारकबाद दिली आणि तळाचे काम करणाऱ्या पुण्यातल्या एका कारागिराचा नंबर दिला.

अम्मींनी आपले पैसे मोजून घेतले आणि बटव्यात ठेवले. मला वाटत होते त्या लेकीला परत करतील. त्यांनी केले नाहीत.

आरटीओची कामे दंडासहित दीड महिन्यात उरकली. मिस्त्रींनी नळ्या बदलल्या आणि तळाखाली जाड पत्र्याचा तात्पुरता टेका दिला. लातूरपर्यंत जाईल, पण पुढचे पक्के काम लगेच करा, असे बजावले. फजरनंतर निघायचे ठरले. धाकटी चालवायला बसली, अम्मी तिच्या शेजारी, पुढच्या सलग सीटवर. भाईजान मोटारसायकलवर लोह्यापर्यंत मागे गेले आणि तिथून परतले. घरी आल्यावर त्यांनी ताडपत्रीची घडी घालून माळ्यावर टाकली.

संध्याकाळी लातूरहून फोन आला. अहमदपूरला इंजिन तापले म्हणून चहाला थांबलो, चाकूरच्या पुढे पाऊस लागला, आणि डाव्या बाजूचा वायपर चालत नाही, मिस्त्रींना विचारा म्हणून. मागून अम्मींचा आवाज ऐकू आला. तो 1998 पासून बंदच आहे, त्या सांगत होत्या.